ओढ्यावरचा गुरुवार

अहो,

तुमच्याशिवायचा पहिला पवित्र आठवडा पार पडला. पार पडला म्हणजे मी तो कसाबसा ढकलला. आज ईस्टरचा दुसरा दिवस. शाळेला सुट्टी आहे, टँकर अजून आलेला नाही, आणि मला जागेवरून उठावंसं वाटत नाही. ताप नाही, अंग दुखत नाही, नुसती थकले आहे. येणारी-जाणारी बाया-माणसं म्हणतात, "बाई, रडून घ्या, हलकं वाटंल." रडले की. हलकं काही वाटलं नाही. मग म्हटलं, आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, तेच पुढे चालवावं. भांडताना तरी माझ्या अंगात जरा जीव असतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावरच तुम्ही गेलात. राखेच्या बुधवारी फादर घरी येऊन तुमच्या कपाळाला राख लावून गेले, आणि त्याच आठवड्यात त्याच फादरांनी तुम्हाला माती दिली. दुष्काळाचं गढूळ पाणी, त्यातून आलेला विषमज्वर, आणि त्या तापातही सायकल काढून वाड्यावस्त्यांवर प्रार्थना घ्यायला जाणारे तुम्ही. मातीच्या वेळी जो तो हेच बोलत होता, "मास्तर लई नम्र मानूस." मी पदर तोंडाला लावून उभी होते. मनात म्हटलं, नम्र माणसाबरोबर संसार करून बघा एकदा, मग बोला.

खरं सांगते, मला त्या शब्दाचा वीट आला होता. मिशनचा धर्मशिक्षक म्हणून तुमचा पगार तो किती, आणि कामाला ना सुरुवात ना शेवट. पोरांना प्रार्थना शिकवा, म्हाताऱ्यांना पापनिवेदनाची आठवण करा, मरायला टेकलेल्या बाळाला बाप्तिस्मा द्या, फादरांची मोटारसायकल चिखलात रुतली की ढकला. माझ्या भावानं नगरला कारखान्यात स्टोअरकीपरची जागा बघून ठेवली होती. तुम्ही त्याला चहा पाजलात, त्याच्या पोरांची चौकशी केलीत आणि म्हणालात, "भाऊसाहेब, हितली मानसं मला मास्तर म्हनत्यात. तिथं कोन म्हननार?" तो हसला. मला हसू आलं नाही. मी नगरच्या बोर्डिंगात वाढलेली, नळाचं पाणी प्यालेली. त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलत होते, आणि तुम्ही दळण आणून देत होता, सरपण फोडून देत होता, जसं काही झालंच नाही.

गेल्या उन्हाळ्याचीच गोष्ट घ्या. वस्तीच्या विहिरी आटल्या, तेव्हा गावातल्या मोठ्या बागायतदाराकडे पाणी मागायला तुम्ही गेलात. त्यानं तुम्हाला दारात, भर उन्हात, स्वतःचं जेवण होईस्तोवर उभं ठेवलं. घरी आलात तेव्हा डोळे लाल झाले होते. मी म्हणाले, "उभं ठेवलं आणि तुम्ही उभे राहिलात?" तुम्ही तांब्यातलं पाणी गटागटा प्यालात आणि म्हणालात, "आठवड्यातनं दोनदा भरू देतो म्हनला. पानी मिळालं ना? मग झालं तर." यावर माणसानं बोलायचं काय!

पण आपलं खरं भांडण त्या गुरुवारचं. ते दर वर्षी व्हायचं आणि दर वर्षी अर्धवट राहायचं.

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेच्या उपासनेत फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. हे जगभर होतं. पण आपल्या गावात जे होत होतं ते जगात कुठे होत असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे बारा जणांची नावं वाचली की त्या बारांना पहिली काळजी पडायची ती पायांची. फादर गोरा माणूस, परदेशातून आलेला, त्याच्या हातात हे असले भेगाळलेले, शेणामातीचे पाय द्यायचे कसे? मग त्याच दुपारी तुम्ही त्या बारांना घेऊन मिशनच्या मागच्या ओढ्यावर जायचात. एकेकाला दगडावर बसवायचात, साबण आणि वजरीचा दगड घेऊन त्याच्या टाचा घासायचात, नखांतली माती काढायचात, वरून गोडेतेलाचा हात फिरवायचात. आणि संध्याकाळी देवळात फादर त्या चकचकीत पायांवर चांदीच्या झारीतून धार सोडायचे, पांढऱ्या टॉवेलनं टिपायचे. झारी धरायला कोण? तुम्हीच. टॉवेल द्यायला? तुम्हीच.

त्यातल्या गमती आठवल्या की अजून हसू येतं. धुतलेले पाय पुन्हा मळू नयेत म्हणून बारांतला भीमाजी चालत यायला तयार नसायचा. तो तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर पाय वर धरून बसायचा आणि तुम्ही देवळापर्यंत सायकल ढकलत आणायचात. एका वर्षी एक जण लग्नातले बूट घालून आला, पाय स्वच्छ राहावे म्हणून. ऐन वेळी डावा बूट निघेना. फादर गुडघ्यावर बसलेले, सगळी मंडळी गाणं म्हणतेय, आणि तुम्ही नि तो, दोघं मिळून बूट ओढताय. पुढच्या रांगेतल्या सिस्टरसुद्धा रुमालात तोंड घालून हसत होत्या.

सुरुवातीला वरच्या वस्तीच्या लोकांनी अट घातली होती, आमचे पाय आधी, खालच्या वस्तीचे मागून. बाप्तिस्मा एकाच पाण्याचा झाला तरी जुनी जात अंगातून निघत नाही. तुम्ही ऐकलंत. मी किती संतापले होते! "ख्रिस्ताच्या नावानं हेच शिकवता का?" दुसऱ्या वर्षी खालच्या वस्तीच्या लहानूबाबांना तुम्ही शेवटून वर घेतलंत, तिसऱ्या वर्षी मध्ये. पुढे पुढे कोण कुणाच्या आधी बसतंय हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. तेवढ्यापुरती मी हार मानली होती, पण तोंडानं कबूल केलं नव्हतं. आता करते.

माझं म्हणणं साधं होतं. पाय धुण्याचं खरं काम तुम्ही करता, आणि फादरांना वाटतं ते धुतात. मी म्हणायची, "एकदा जसे आहेत तसे येऊ द्या की त्यांना. फादरांना दिसू दे पाय कसे असतात ते." तुम्ही म्हणायचात, "अगं, फादरांच्या हाताला घान लागंल म्हनून न्हाई. मानसांना लाज वाटती. लाजंनं आखडून बसलेल्या मानसाला प्रभूची माया कळंल व्हय?" मी म्हणायची, लाज वाटायला त्यांनी काय चोरी केलीय? मग तुम्ही वजरी घेऊन ओढ्याकडे चालते व्हायचात.

मागच्या वर्षी मात्र मी तुम्हाला चांगलंच धरलं. बारातला एक जण ऊसतोडीहून परतलाच नव्हता. फादर भर देवळात म्हणाले, "मास्तर, आज आपण बसा." मी बायकांच्या बाजूला बसले होते. म्हटलं, आता तरी! आणि तुम्ही हसून मान हलवलीत, मागच्या खांबाला टेकलेल्या कुणा गाडीवानाला दंडाला धरून आणलंत आणि त्याला बसवलंत. घरी आल्यावर मी भाकरी थापता थापता बोलत सुटले. म्हणाले, हा नम्रपणा नव्हे, हा गर्व आहे. सगळ्यांचं आपण करायचं, आपलं कुणाला करू द्यायचं नाही. प्रभू शिष्यांचे पाय धूत होता तेव्हा पेत्र नाही नाही म्हणाला, पण शेवटी त्यानंही पाय पुढे केले. तुम्ही पेत्राहून मोठे का? तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलात आणि जेवत राहिलात. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प आहात.

दुखण्यातही तेच. मी अंग पुसायला बसले की छाती, पाठ पुसू द्यायचात. पायांकडे हात गेला की पाय आखडून घ्यायचात. "ऱ्हाऊ दे, दमलीस तू." घोटभर पाणी दिलं तरी, "तुला तरास." देवानं आपल्याला मूल दिलं नाही. तुमचं करायचं नाही तर मी कुणाचं करायचं होतं? अखेरची अंघोळ पुरुषांनी घातली, मला आतल्या खोलीत बसवलं. म्हणजे तेही राहिलंच. तुम्ही गेलात त्याचं दुःख आहेच, पण माझ्या मनाला हे दुसरंच लागून राहिलं होतं, की हा माणूस कुणाकडून काही न घेता गेला. देवापुढे तरी त्यानं हात पसरले असतील का?

असो. यंदाचा गुरुवार सांगायचा होता.

दुपारी भीमाजी आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "बाई, औंदा कसं करायचं?" ओढा कोरडा ठाक. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून माणसं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेली. मिशनच्या सिस्टरांनी मिस्सेसाठी म्हणून टँकरचं एक कळशीभर पाणी झाकून ठेवलं होतं, तेवढंच. मी म्हणाले, "कसं म्हणजे? जसे आहात तसे या." तो घुटमळला. मग "बरं" म्हणून गेला. मनातून मला बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल सगळ्यांना.

ते आले. बाकावर रांगेनं बसले आणि सगळ्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. फादर गुडघ्यावर बसले आणि पहिल्याचा पाय हातात घेऊन थबकलेच. काही पाय सुजलेले, काहींना कामावरच्या चुन्यानं भेगा पडून त्यात रक्त वाळलेलं. एकाच्या अंगठ्यावर चिंधी. चौथ्या माणसाला पाणी चिखलासारखं झालं होतं. बदलायला दुसरं नव्हतं, फादर त्याच पाण्यात टॉवेल पिळून पुसत राहिले. गाणं संपलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा संपलं. लहानूबाबांची पाळी आली तेव्हा ते पाय देईनात. फादरांनी घोट्याला धरून हळूच पुढे घेतला. फादरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लहानूबाबांनी पटक्याचं टोक तोंडावर ओढून घेतलं होतं.

मिस्सेनंतर फादर माझ्याकडे आले. त्यांचं ते पुस्तकी मराठी तुम्हाला ठाऊकच आहे. "बाई, आज यांच्या पायांना काय झाले?" मी सांगून टाकलं. ओढा, वजरी, तेल, सायकल, सगळं. त्यांनी टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, "मला वाटत होते, येथील माणसांचे पाय मुळातच तसे स्वच्छ असतात."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडले होते. ऐकलं, आणि मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन "बघा, मी सांगत नव्हते?" असं म्हणायला घरात कुणी नव्हतं. मी न जेवता पडून राहिले.

शुभ शुक्रवारी क्रूसाला वंदन करायला सगळी मंडळी आली, लहानूबाबा आले नाहीत. ज्या माणसानं प्लेगात बायको पुरून दुसऱ्या दिवशी मिस्सा चुकवली नव्हती, तो माणूस. काल नाही, परवा, शनिवारी सकाळी मी खालच्या वस्तीत गेले. खरं तर पाय उचलत नव्हते. सुनेनं पोतं अंथरलं. बाबा भिंतीला टेकून दोरी वळत होते.

"पाय दुखतात का बाबा?"

"पाय काय, रोजच दुखत्यात. त्यो इषय न्हाई."

"मग काल देवळात का नाही आलात?"

त्यांनी दोरीला पीळ दिला. मग म्हणाले, "फादरनं लई मायेनं धुतलं, बाई. मी न्हाई कुठं म्हनतो? पर त्यांनी पायाकडं बघितलं. बघून रडलं. माज्या पायात रडन्यासारकं काय हाय? मला न्हाई सोसलं त्ये. मास्तर कदी बघायचेच न्हाईत. हात चालू अन तोंड चालू. शेळी किती दूध देती, नातवाला शाळंतली सुकडी गोड लागती का, आसलं काईबाई. आपलं पाय कुनी धुतंय हे ध्यानातच नसायचं."

तुमची बाजू तुम्ही मला इतक्या वर्षांत कधी अशी समजावून सांगितली नव्हती. पण मी अशी तशी ऐकणारी नव्हे. मी म्हणाले, "ते सगळं खरं बाबा. पण दुसऱ्याचं करणं सोपं असतं. त्या माणसानं आपले पाय कधी कुणाला लावू दिले का?"

लहानूबाबांनी हातातली दोरी खाली ठेवली. "कुनी सांगितलं तुमाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला दिसत नव्हतं?"

"धुवायचो की आमी!"

"कुणाचे?"

"मास्तरांचं. बाराजन झाले की मागनं मास्तर दगडावर बसायचे. पाळी हुती आमच्यात. एका साली मी, म्होरल्या साली भीमाजी, आसं. पयल्या साली मीच धरलं त्यांचं पाय. म्हनलं, मास्तर, आता तुमी. वाटलं, न्हाई म्हनतील. तर दिलं की लगेच म्होरं. आन लई गुदगुल्या व्हायच्या त्यांला! टाचंला वजरी लागली रं लागली, की लेकरावानी हसायचे. एकदा तर हसता हसता पाठीवर पान्यातच पडले. म्हनून तर त्या गुरवारी भिजून यायचे घरला."

भिजून यायचात खरं. मी विचारायची तर म्हणायचात, घसरलो.

सुनेनं गुळाचा खडा आणि अर्धा पेला पाणी दिलं. या दिवसांत अर्धा पेला पाणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मी ते प्यायले. बाबांना विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यांनी कधी?"

"आमी म्हनायचो, बाईंला बी बोलवा की येकदा, बघू द्या गंमत. तर म्हनायचे, नको रं बाबा. ती म्हनंल, आता मीच धुते. घरात तिला तेवढं काम कमी हाय व्हय?"

काल लहानूबाबा ईस्टरच्या मिस्सेला आले. माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्यांच्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. पुढच्या वर्षी बारांत बसणार नाही म्हणतात, फादर बसवतील बहुतेक. फादरांनी मला विचारलंय, पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी दुपारी ते स्वतः ओढ्यावर आले तर चालेल का. मी म्हटलं, आधी पाऊस तर पडू दे. भावाचंही बोलावणं आलंय, नगरला चल म्हणतो. त्यालाही तेच कळवलंय, पाऊस पडू दे.

तर आपलं भांडण. तुम्ही गर्विष्ठ नव्हता. हे मी मान्य करते, आणि फार बरं वाटतं मला ते मान्य करताना. तुम्ही पाय पुढे केले होते, दर वर्षी केले होते, आणि ज्यांच्या पुढे करायला हवे होते त्यांच्यापुढेच केले होते. मागच्या वर्षी मी भाकरी थापताना इतकी तोंड सोडून बोलत होते, तुम्ही एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता. केलं नाहीत. मला काम पडू नये म्हणून! अहो, सगळ्या संसारात हंडे वाहिले मी, शेणी थापल्या, तुमच्या पाहुण्यांच्या भाकऱ्या बडवल्या. त्यात हे एक काम जास्त झालं असतं का मला? हेच तर एक हवं होतं.

तुम्ही माझा त्रास वाचवलात त्याबद्दल देवाचे आभार मानते. आज सकाळपासून मानतेच आहे. पण इतकी वर्षं एका घरात, शेजारच्या अंथरुणावर काढून, तुमच्या टाचेला गुदगुल्या होतात हे मला लहानूबाबांकडून कळावं, याचा राग आता मी कुणावर काढू?